शिपायावर हात उचलला, पुढं काय? कारागृहातला हल्ला आणि कायदा

मागच्या वेळी या सदरात न्यायाधीन बंद्यांच्या, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो त्यांच्या जामिनावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला: आत असताना बंद्यानं कर्मचाऱ्यावर हात टाकला तर काय होतं? पत्रं दोन्हीकडची आहेत. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात मुलाखतीच्या, म्हणजे आतल्या माणसाला भेटायच्या, रांगेत उभ्या राहणाऱ्या आयाबहिणींची आहेत, तशीच खाकी वर्दीतल्यांचीही. मी आधी सरकार पक्षाकडून आणि नंतर विधी सेवेच्या पॅनेलवर बंद्यांकडून अशी प्रकरणं चालवली आहेत. त्यामुळे दोन्ही घरांतली काळजी मला परकी नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढं घोटाळा होणार नाही. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी भारतीय दंड संहिता लागू होते, त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता. जून २०२४ च्या सुरुवातीला कळंबा कारागृहात मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या एका शिक्षाबंदीचा इतर बंद्यांनी खून केल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. ती घटना महिनाभर आधीची, म्हणून तिला जुनाच कायदा. खटला कधी चालतो याला महत्त्व नाही, गुन्हा कधी घडला ते बघायचं.

प्रश्न: "वकीलसाहेब, माझं पोरगं चार महिनं झालं कळंब्यात हाय. मारामारीची केस, नुसत्या तारखा चालल्यात. मागल्या आठवड्यात झडतीच्या वेळंला त्यानं शिपायाला ढकललं, कॉलर धरली म्हणून नवी केस घातलीया. आता किती वर्सं आत ऱ्हाईल? जामीन हुईल का न्हाई?" (एक आई, इचलकरंजी)

मावशी, आधी कलमं सांगतो, मग खरी अडचण सांगतो. ती कलमात नाही.

नुसतं ढकललं, कॉलर धरली, पण लागलं नाही, तर न्याय संहितेचं कलम १३२ लागतं. सरकारी नोकराला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला हल्ला किंवा बळाचा वापर, असा तो गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. शिपायाला दुखापत झाली असेल तर कलम १२१ चं पहिलं पोटकलम, म्हणजे पाच वर्षांपर्यंत. आणि हाड मोडलं, दात पडला किंवा माणूस पंधरा दिवस आपली रोजची कामं करू शकला नाही, तर ती जबर दुखापत धरतात. तिथं किमान एक वर्ष आणि कमाल दहा वर्षं, वर दंड. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. ती पंधरावर आणल्यामुळे आता बरीच प्रकरणं साध्या दुखापतीतून जबर दुखापतीत जाऊ शकतात. १३२ च्या जागी जुन्या दंड संहितेत ३५३ होतं. त्या ३५३ कलमाची शिक्षा महाराष्ट्रानं २०१८ मध्ये दोनवरून पाच वर्षांवर नेली होती, म्हणून काही जण अजून "पाच वर्षं" म्हणतात. नव्या संहितेच्या १३२ मध्ये मात्र दोन वर्षंच लिहिलेली आहेत.

आता वकिलाकडून फिर्यादीची प्रत काढून घ्या आणि त्यात एकच गोष्ट शोधा: तो शिपाई त्या क्षणी कोणतं कर्तव्य करत होता? झडती घेणं हे कर्तव्य आहे, त्याला अडवण्यासाठी धक्का दिला असेल तर कलम बसतं. पण दोघांचं खासगी काही बिनसलं होतं आणि त्यातून झोंबाझोंबी झाली, तर हे कलम डळमळतं. साधी मारहाण उरते. अंगावर वर्दी होती एवढं दाखवून भागत नाही. कृती आणि कर्तव्य यांची गाठ सरकार पक्षाला घालून दाखवावी लागते.

खरी अडचण ती पुढची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे तपास-खटल्याची पद्धत सांगणाऱ्या नव्या कायद्याचं, कलम ४७९ सांगतं की कच्च्या कैद्यानं त्याच्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडावं, आणि पूर्वी कधीच शिक्षा झाली नसेल तर एक तृतीयांश काळ पुरे. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा मात्र यात येत नाही. पण याच कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं की एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटला चालू असेल तर या कलमाखाली सुटका नाही. तुमच्या मुलाच्या हातून कॉलर धरली गेली त्या दिवशी हा दरवाजा लोटला गेला. दोन वर्षांच्या कलमापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते, कारण रांगेतल्या बहुतेक कुटुंबांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

तरीही सगळे दरवाजे बंद नाहीत. नेहमीच्या जामिनाचा अर्ज दोन्ही प्रकरणांत वेगवेगळा करता येतो, आणि तो करायलाच हवा. पहिल्या केसमध्ये जामीन झाला आणि दुसरीत अर्जच नाही, म्हणून पोरं आत अडकून पडलेली मी पाहिली आहेत. नव्या केसमध्ये पोलिसांनी त्याला प्रॉडक्शन वॉरंटवर, म्हणजे आत असलेल्या बंद्याला हजर करण्याच्या न्यायालयाच्या आदेशावर, घेऊन अटक दाखवली आहे का, हे विचारा. दाखवली नसेल तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे, या केसच्या शिक्षेतून वजा होणारे कोठडीचे दिवस सुरूच होत नाहीत. दुसरी म्हणजे, अटकपूर्व जामीन मागता येतो. आधीच आत असलेल्याला दुसऱ्या गुन्ह्यात अटकपूर्व जामीन मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलंच होतं. सत्र न्यायालयानं नाही म्हटलं तर आता मुंबईची गाडी पकडायला नको. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोर, भाऊसिंगजी रोडवर बसतं.

वकिलाला पैसे नाहीत असंही पत्राच्या खाली तुम्ही लिहिलंय. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, किंवा मुलाला आतूनच अर्ज करायला सांगा. आणि मुलाखतीला जाल तेव्हा त्याला एवढंच सांगा, की तिसरी केस होऊ देऊ नको.

प्रश्न: "मी कारागृह शिपाई आहे, कुठला ते लिहू नका. जेवण वाटपाच्या वेळी एका बंद्यानं गरम डाळ माझ्या अंगावर टाकली. मान आणि हात भाजला. वरिष्ठ म्हणतात, आतल्या आत मिटवू, त्याची माफी (शिक्षेतली सूट) कापू. मला फिर्याद द्यायची आहे. देऊ का?"

द्या. आणि उशीर करू नका.

कारागृहातल्या हल्ल्याला दोन वाटा असतात, हे तुमच्या वरिष्ठांनाही माहीत आहे. एक वाट कारागृहाच्या आतली. १८९४ च्या कारागृह कायद्यानं हल्ला किंवा बळाचा वापर हा कारागृहातला अपराध ठरवला आणि अधीक्षकांना शिक्षेचे अधिकार दिले: ताकीद, कामात बदल, सवलती काढून घेणं, माफीचे दिवस कापणं, वेगळं ठेवणं. त्याच कायद्याच्या कलम ५२ नं सांगितलं की अपराध गंभीर असेल तर अधीक्षकांनी प्रकरण दंडाधिकाऱ्याकडे पाठवावं, आणि दंडाधिकारी चालू शिक्षेच्या वर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकेल. दुसरी वाट पोलीस ठाण्याची. कळंब्याची घटना असेल तर जुना राजवाडा पोलीस ठाणं, आणि तिथून न्याय संहिता.

कलम ५२ मध्येच एक ओळ आहे: एकाच अपराधासाठी दोनदा शिक्षा नाही. म्हणून "आधी माफी कापू, मग बघू" हा सल्ला तुमच्या हिताचा नाही. आत शिक्षा देऊन झाली की बचाव पक्षाचा वकील न्यायालयात पहिलं तेच मांडणार. कोणती वाट धरायची हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. आणि भाजलेल्या मानेचं प्रकरण माफीच्या दिवसांत मोजण्याइतकं हलकं नाही. १८९४ च्या कायद्याची जागा घेणारं विधेयक विधिमंडळानं डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं आहे, तेव्हा आतल्या शिक्षेचा आदेश निघाला तर तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, हे त्यावर लिहून मागा.

तुमच्या प्रकरणात १२१ सोबत कलम ११८ कडे लक्ष द्या. धोकादायक हत्यारानं केलेल्या दुखापतीचं हे कलम आहे, पण त्यात आग आणि तापलेला पदार्थसुद्धा येतो. गरम डाळ त्यात बसते. साधी दुखापत असेल तर तीन वर्षांपर्यंत. चेहरा कायमचा विद्रूप झाला किंवा दुसरी कुठली जबर दुखापत ठरली, तर याच कलमात किमान एक वर्षापासून थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. फिर्याद लिहिताना "अंगावर डाळ सांडली" असं लिहू नका. किती गरम होती, कुठून टाकली, टाकताना काय बोलला, तेव्हा तुम्ही काय काम करत होता, हे सगळं तुमच्या शब्दांत लिहा.

पुराव्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथंच खटले पडतात. कारागृहाच्या दवाखान्यात मलम लावून घेऊन थांबू नका, त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र घ्या. पंधरा दिवस कामावर जाता आलं नाही तर तेही वैद्यकीय कागदावर यायला हवं, नुसता रजेचा अर्ज चालत नाही. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्याच दिवशी अधीक्षकांकडे करा आणि पोच घ्या. ते न्यायालयात देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते नसलं तर दिवसाढवळ्या घडलेली गोष्टही पुराव्यात येत नाही. डाळीनं भरलेला गणवेश धुऊ नका. आणि साक्षीदार म्हणून फक्त सहकारी नको. त्या बराकीतला एखादा बंदी खरं सांगायला तयार असेल तर त्याचा जबाब नोंदवा, न्यायालय त्याला फार वजन देतं.

पोलीस फिर्याद घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथंही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यापुढं अर्ज. हा अधिकार तुम्हाला इतर कुणाही नागरिकासारखाच आहे. वर्दी घातली म्हणून मार खाणं नोकरीचा भाग होत नाही.

प्रश्न: "गिनतीच्या वेळी बंद्यानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या, 'बाहेर आलो की बघतो' म्हणाला. हा हल्ला होतो का?" (कारागृह कर्मचाऱ्याची पत्नी, सांगली)

नुसते शब्द म्हणजे हल्ला नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण शब्दांसोबत मूठ उगारली, काठी उचलली, तर तो हल्ला होतो, एकही फटका बसला नसला तरी. तुमच्या पतींच्या बाबतीत धमकीचं कलम ३५१ आणि शांतता बिघडवण्यासाठी केलेल्या अपमानाचं ३५२ पाहता येईल. त्या दिवसाच्या नोंदवहीत धमकीचे नेमके शब्द लिहिले गेलेत का, ते त्यांना विचारा. थुंकणं मात्र वेगळं. दुसऱ्याच्या अंगावर काही टाकणं हा बळाचा वापर आहे, आणि तो कर्तव्यावर असताना झाला तर १३२.

प्रश्न: "जन्मठेपेच्या कैद्याला आणखी काय शिक्षा देणार? त्याला गमावण्यासारखं काहीच नसतं, म्हणून ते हल्ले करतात. यावर कायद्यात काय उत्तर आहे?" (विधी शाखेची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

जुन्या दंड संहितेचं उत्तर फार कठोर होतं. कलम ३०३ म्हणत होतं की जन्मठेप भोगणाऱ्यानं खून केला तर फाशीच, दुसरा पर्याय नाही. १९८३ मध्ये मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. न्यायाधीशाला माणूस आणि परिस्थिती बघायचीच मुभा नसेल तर तो न्याय कसला, हा त्यामागचा विचार. आता न्याय संहितेच्या कलम १०४ मध्ये फाशी किंवा जन्मठेप आहे, आणि जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, असं तिथंच लिहिलंय. खुनाच्या प्रयत्नालाही, जखम झाली असेल तर, जन्मठेपेच्या बंद्यासाठी १०९ च्या दुसऱ्या पोटकलमात तीच शिक्षा आहे.

पण तुमचा प्रश्न लहान हल्ल्यांचा आहे, आणि तिथं एक फट आहे हे मान्य करायला हवं. मुदतीची शिक्षा भोगणाऱ्याला नवी शिक्षा झाली तर ती आधीची संपल्यावर सुरू होते, न्यायालयानं वेगळं सांगितलं नाही तर. जन्मठेपेच्या बंद्याची नवी शिक्षा मात्र जन्मठेपेसोबतच चालते. कागदावर बघितलं तर त्याच्या वाट्याला काहीच वाढत नाही.

तरी "गमावण्यासारखं काही नाही" हे मला पटत नाही. जन्मठेपेच्या बंद्याशी बोलून बघा, त्याला एकेक दिवस पाठ असतो. माफी किती साठली, संचित रजा (काही दिवस घरी जायची मुभा) कधी, चौदा वर्षं कधी भरतात, मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव कधी जाणार. हे सगळं त्याच्या वर्तणुकीच्या नोंदीवर उभं आहे. वर्तणूक समाधानकारक नाही असा शेरा पडला की रजा नाकारली जाते, आणि सुटकेच्या फाइलवर शिपायावर हल्ल्याची शिक्षा दिसली की ती फाइल पुढं सरकणं अवघड. ज्याची बहीण दर दिवाळीला रजेची वाट बघते त्याला ही शिक्षा दोन वर्षांपेक्षा मोठी वाटते. म्हणून ज्या कारागृहात माफी आणि रजा वेळेवर, न मागता मिळते तिथं बंद्याला जपण्यासारखं काहीतरी असतं. प्रस्ताव वर्षानुवर्षं टेबलावर पडून राहिले की तुमचं वाक्य खरं व्हायला लागतं.

प्रश्न: "एवढी कलमं कशाला? कर्मचाऱ्यावर हात टाकणाऱ्याला तिथंच चोपून काढलं तर पुन्हा कुणाची हिंमत होणार नाही. वकील लोकांनीच कैद्यांना डोक्यावर बसवलंय." (निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज)

गुरुजी, तुमचा राग मला समजतो. पण हल्ला चालू असताना केलेला प्रतिकार आणि हल्ला संपल्यावर दिलेला चोप, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कायद्याला मान्य आहे. अंगावर आलेल्याला रोखण्याचा, गरजेपुरतं बळ वापरण्याचा अधिकार शिपायालाही आहे. बंद्याला आवरलं, हात मागं बांधले, त्यानंतर पडलेली प्रत्येक काठी हा स्वतंत्र गुन्हा आहे.

हे मी बंद्याच्या बाजूनं बोलतो असं समजू नका. सरकार पक्षाकडून असताना माझ्यापुढं एक प्रकरण आलं होतं. शिपायाच्या कपाळाला तीन टाके, साक्षीदार चांगले. पण बंद्याच्या अंगावर त्याहून जास्त वळ, आणि त्याची वैद्यकीय तपासणी दोन दिवस उशिरा केलेली. आधी कोणी मारलं हेच ठरेना. आरोपी सुटला. त्या शिपायाची आई न्यायालयाच्या जिन्यात बसून रडत होती. तिच्या मुलाचं रक्त खरं होतं, पण सहकाऱ्यांच्या काठीनं त्याचा खटला घालवला.

१९७९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सुनील बत्रा खटल्यात निकाल दिला. तिहारच्या एका बंद्यानं दुसऱ्या बंद्याच्या छळाबद्दल पत्र लिहिलं होतं, न्यायालयानं ते पत्रच याचिका मानलं. तेव्हापासून एकांतवासासारखी कडक शिक्षा सत्र न्यायाधीशांच्या नजरेखालून जायला हवी, हे तत्त्व पक्कं झालं. आणि चोप देण्याचा शेवट कुठं होऊ शकतो, हे २०१७ च्या जूनमध्ये भायखळ्याला दिसलं. महिला कारागृहात एका शिक्षाबंदी महिलेचा मृत्यू झाला, मारहाणीच्या आरोपावरून कारागृहाच्याच सहा महिला कर्मचाऱ्यांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. त्या मृत्यूनंतर आत दंगा झाला आणि सुमारे दोनशे बंदी महिलांवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला. दोन्हीकडची किती घरं त्यात होरपळली याचा विचार करा.

प्रश्न: "मी शिक्षा भोगून आलोय. आत वॉर्डर होतो. एकदा एका कैद्यानं माझं डोकं फोडलं, पण कोणी म्हणालं तू पण कैदीच, तुला कुठलं सरकारी नोकराचं संरक्षण?" (करवीर तालुका)

दादा, तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. १८९४ च्या कायद्याचं कलम २३ म्हणतं की ज्या बंद्याला कारागृहात अधिकारी म्हणून नेमलंय तो फौजदारी कायद्याच्या दृष्टीनं लोकसेवकच. वॉर्डरच्या कामावर असताना तुमच्यावर हल्ला झाला असेल तर शिपायाला लागू होणारीच कलमं लागू होती. नेमणुकीची नोंद कारागृहाच्या दफ्तरी असते, तिची प्रत मागा. ती मिळाली की घटनेची तारीख घेऊन वकिलाकडे जा, कारण यातल्या काही गुन्ह्यांची दखल घ्यायला न्यायालयाला मुदत असते आणि ती आधी तपासावी लागेल.

प्रश्न: "भावानं आत ब्लेडनं स्वतःचा हात कापून घेतला. 'बराक बदला नाहीतर मरतो' म्हणत होता. शिपाई ब्लेड काढून घ्यायला गेला, त्याच्या हाताला लागलं. आता दोन केसेस आहेत." (एक बहीण, कागल)

ताई, दोन्ही केसेस वेगळ्या ठेवून बघा. शिपायाला लागलं त्याबद्दल १२१ लावलं असेल. तिथं मुख्य मुद्दा हेतूचा. भावानं वार केला, की ब्लेड हिसकावताना लागलं? जखमेचा आकार आणि जागा यावरून डॉक्टर ते सांगू शकतात, म्हणून वैद्यकीय कागद लवकर मिळवा.

दुसरी केस कलम २२६ ची असणार: सरकारी नोकराला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न. एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा. यात वकिलानं मानसिक आरोग्य कायदा, २०१७ चं कलम ११५ मांडलं पाहिजे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, उलट सिद्ध होईपर्यंत. सरकारला अडवण्याचा हेतू होता, हे दाखवण्याचं ओझं फिर्यादी पक्षावर.

पण केसच्या आधी एक काम आजच करा. त्याला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं असा अर्ज अधीक्षकांना आणि ज्या न्यायालयात खटला आहे तिथं, दोन्हीकडे द्या. त्याला पूर्वी कधी उपचार चालू होते का, गोळ्या होत्या का, जुने कागद घरात शोधा आणि जोडा. बराक का बदलून हवी होती, हेही त्याच्या तोंडून विचारून घ्या. कोणी त्रास देत असेल तर त्याची लेखी तक्रार न्यायालयात जायला हवी. पुढच्या तारखेला त्याला समोर हजर करतील तेव्हा न्यायाधीशांना थेट सांगता येतं, आणि ते ऐकून घेतात.